लक्ष्मी रस्ता आणि आपली ऐरण

पुण्यातील लक्ष्मी रस्त्याशी कधी ना कधी संबंध आला नाही, असे आपल्या सुवर्णकार ज्ञातीतील घर क्वचितच आढळेल. परंतु त्या रस्त्यास हे नाव कोणावरून पडले असे विचारता बहुतेक जण धनदेवतेकडे बोट दाखवितात. वस्तुतः ही लक्ष्मी म्हणजे प्रसिद्ध मिठाईवाले दगडूशेठ हलवाई यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगात या दांपत्याचा मुलगा गेला. बुधवार पेठेतील दत्तमंदिर आजही लक्ष्मीबाईंच्या नावानेच ओळखले जाते. एका दुःखी मातेचे नाव शहरातील सर्वांत गजबजलेल्या बाजारास लाभावे, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

रस्ता फारसा जुना नाही. तो ज्या पेठांतून जातो त्या मात्र जुन्या आहेत. पश्चिमेस टिळक चौकापासून निघून नारायण, सदाशिव, शनिवार, बुधवार, रविवार व गणेश पेठा ओलांडीत तो नाना पेठेकडे जातो. पूर्वी प्रत्येक धंद्याची आपली आळी असे. तांबट कसब्यात, बोहरी रविवारात, सराफ मोती चौकात व सोन्या मारुतीपाशी. गिऱ्हाईक कारागिराच्या दाराशी जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा रुंद रस्ता झाला आणि दुकान दर्शनी आले. कारागीर मात्र मागील खोलीत अथवा माडीवर राहिला. आमच्या मते या रस्त्याचा खरा इतिहास एवढ्या एका वाक्यात आहे. बाकी नाना फडणविसांचा बेलबाग, नारो अप्पाजींचा तुळशीबाग, पेशव्यांच्या पागेच्या जागी १८८४ साली निघालेली हुजूरपागेची कन्याशाळा, हे सर्व वाचकांस परिचितच आहे.

आमचे वडील सोन्या मारुती चौकानजीकच्या एका पेढीच्या मागील खोलीत काम करीत. ऐरण, फुंकणी, मूस, चिमटे, आणि गुंजांची एक डबी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. १९५६ च्या कायद्याने ग्रॅम आले तरी त्यांचा हिशेब गुंजांतच चाले. ११.६६ ग्रॅमचा तो तोळा आज बाजारात सरळ १० ग्रॅमचा झाला आहे. वडिलांना ते मुळीच रुचले नसते. दिवसभराचा केर ते संध्याकाळी स्वतः झाडून जपून ठेवीत, कारण त्यात सोन्याचे कण असत.

१९५८ मध्ये सांगलीच्या गाडगीळांची पेढी या रस्त्यावर आली, बाजारास तेज चढले. १९६१ च्या जुलैत पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठा धुऊन नेल्या. तेही घाव भरून आले. न भरलेला घाव १९६३ च्या जानेवारीचा.

चीनशी युद्ध नुकतेच झाले होते, परकीय चलनाची टंचाई होती, सोन्याची चोरटी आयात थांबवावयाची होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले व चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बावीस कॅरटमध्ये शंभरात सुमारे ९२ भाग सोने, तर चौदात जेमतेम ५८. असे सोने कठीण, हातास न वळणारे, रंगाने फिके. त्याचे मंगळसूत्र कोण करील? श्रीमंत पेढीने दम धरला. मजुरीवर जगणाऱ्या कारागिराचे काम एका महिन्यात थांबले. त्या वर्षी देशात सुवर्णकारांच्या आत्महत्यांच्या वार्ता वृत्तपत्रांत आल्या. आमचे वय तेव्हा सहा वर्षांचे होते. वडिलांची नजर बारीक, म्हणून एका छापखान्यात त्यांना खिळे जुळविण्याचे काम मिळाले. ते पुन्हा ऐरणीवर बसले नाहीत.

चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ चा नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. पण तोवर आमच्यासारखी मुले शाळेत, कचेरीत, बँकेत गेली होती. आम्हांस मास्तरकी लाभली ती यामुळेच. तक्रार कोणत्या तोंडाने करावी? आज त्या माड्यांवर बंगालातून आलेले तरुण कारागीर खाली मान घालून काम करतात. खाली दुकानात २०२१ पासून सक्तीचा झालेला हॉलमार्क पाहून गिऱ्हाईक निश्चिंत होते. आपल्या आजोबांची कसोटी आता कोणी मागत नाही.

वर्षातून एक दिवस, ११ डिसेंबरला, पादचारी दिन म्हणून या रस्त्याचा मधला भाग वाहनांस बंद असतो. गेल्या खेपेस आम्ही नातवास घेऊन गेलो. गर्दी होती, पण भोंगे नव्हते. एका बोळातून बारीक ठोके ऐकू आले. नातवाने विचारले, हा आवाज कशाचा?

वडिलांची ऐरण आमच्या घरी आहे. तिच्यावर आमच्या सूनबाई सुंठ फोडतात. ज्या ज्ञातिबांधवांकडे अशी हत्यारे, गुंजांच्या डब्या अथवा मजुरीच्या वह्या असतील, त्यांनी ती संघाच्या कार्यालयात एकदा दाखवून न्यावीत. त्यांची नोंद करण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करले आहे.