‘स्टुडंट’ नावाचा मद्यतज्ज्ञ

खाजगी एक आणि कामाचं एक, अशी दोन खाती आज आपण समाजमाध्यमांवर सहज उघडतो. विल्यम गॉसेट यांना त्यासाठी टोपणनाव घ्यावं लागलं.

ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकलेले गॉसेट १८९९ साली डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत लागले. तिथे प्रयोगांची मोजमापं मिळत ती चार-पाचच. एवढ्याशा आकड्यांच्या सरासरीवर भरवसा किती ठेवायचा? त्या वेळच्या पद्धती मोठ्या नमुन्यांसाठी होत्या. गॉसेट यांनी नवं गणित मांडलं. ते पडताळण्यासाठी ३००० कैद्यांच्या उंचीचे आणि बोटांच्या लांबीचे आकडे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिले, ते पत्त्यांसारखे पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडले. (वर्गात हा प्रयोग मुलांच्या उंचीवर छान करता येतो.)

१९०८ साली ‘बायोमेट्रिका’त लेख आला, पण ‘स्टुडंट’ या नावाने. धंद्यातली गुपितं फुटतील म्हणून कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे. ही भीती अगदीच पोकळ नव्हती, असं आम्हाला वाटतं. थोड्या मोजमापांतून निष्कर्ष काढता येणं हाच मोठा फायदा होता. पिअर्सन आणि फिशर यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांना मात्र हा ‘स्टुडंट’ कोण ते ठाऊक होतं.

गॉसेट १९३७ साली वारले, तोवर गिनेसच्याच नोकरीत होते. पाठ्यपुस्तकांत मात्र ‘स्टुडंटची टी-चाचणी’ असंच छापलं जातं.