तासगावची हरळी

हरळी हे जमिनीलगत सरपटत पसरणारे बारमाही गवत. पूजेच्या तबकात ते दूर्वा म्हणून येते, शेतात त्याला हरळी म्हणतात. सायनोडॉन डॅक्टिलॉन हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव 1805 सालचे. पण आपल्याकडे या गवताची ओळख फार जुनी आहे. ऋग्वेदात दूर्वा आहेत, आणि त्या पेऱ्यापेऱ्यातून फुटतात हे निरीक्षण तैत्तिरीय संहितेने नोंदवले आहे.

हे निरीक्षण अचूक आहे. हरळीचे धुमारे जमिनीवरून धावतात आणि मातीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्याला मुळे सोडतात. जमिनीखाली तिच्या काशा असतात: पांढरट, टोकदार, गाठी-गाठींच्या. उन्हाळ्यात वरचे गवत करपून गेले तरी काशा जिवंत राहतात आणि वळवाच्या पहिल्या सरीला रान पुन्हा हिरवे होते. तिला ऊन लागते, दाट सावलीत ती मागे हटते. खारवट जमीन तिला चालते. बांध, पाऊलवाट, ओढ्याचा काठ, पडीक वावर ही तिची हक्काची ठिकाणे. सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या परिसरात येरळा नदीकाठची काळी रानेही तिला मानवली. उथळ मुरमाड माळावर तिला खोल जाता येत नाही; काळ्या रानात मात्र ती भेगांवाटे हातभर, कधी त्याहूनही खाली उतरते.

तासगावात या गवताला मानही मोठा. परशुरामभाऊ पटवर्धनांनी 1779 मध्ये येथे गणपतीचे मंदिर बांधायला घेतले, ते 1799 मध्ये पुरे झाले. सात मजली गोपुराच्या या देवळाचा रथोत्सव ऋषिपंचमीला असतो. भाद्रपदात हरळीही भरात असते, म्हणजे देवाला कोवळ्या दूर्वांची वाण पडत नाही. खुडायच्या त्या फूल न आलेल्या, तीन पात्यांच्या, वाहायच्या एकवीस. उपटून काढल्या नाहीत तर त्याच जागी पुन्हा फुटतात. खुडण्याची ही रीत हरळीच्या फायद्याचीच आहे.

शेतकऱ्याची गाठ मात्र तिच्या मुळाशी. कुळव फिरला की काशांचे तुकडे होतात, आणि पेरे असलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. वरवरची मशागत म्हणजे हरळीची लावणीच. म्हणून जुनी रीत खोल नांगरटीची होती: जड लाकडी नांगराला बैलांच्या चार-सहा जोड्या जुंपायच्या, भर उन्हाळ्यात मोठाली ढेकळे उलथायची, ती तापू द्यायची आणि मग बाया-माणसांनी काशा वेचून बांधावर ढीग लावायचे. जिथे नांगर चालत नसे तिथे कुदळ-टिकावाने खणून काढायची. एका घरच्या बैलांनी हे होत नसे. वारंगुळा करावा लागे, म्हणजे शेजाऱ्यांनी आपापले बैल आळीपाळीने एकमेकांच्या रानात जुंपायचे. 1876-77 च्या दुष्काळाने साताऱ्याच्या पूर्व भागाला झोडपले. तेव्हा तासगाव सातारा जिल्ह्यातच होते. अशा दुष्काळात बैल गेले की खोल नांगरट थांबते, आणि पडीक रान हरळीचे होते.

यावर उपाय जवळच निघाला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने त्यांच्या लोखंडी नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. लाकडी नांगर जमीन नुसती चिरतो. लोखंडी नांगर ती पालथी करतो आणि काशा उन्हात येतात. कमी बैलांत हे साधू लागल्यावर भीती टिकली नाही. पुढे ट्रॅक्टर आले आणि खोल नांगरट भाड्याने मिळू लागली. हरळी काढण्यासाठी माणसांच्या टोळ्या लावण्याची गरज त्यानंतर कमी होत गेली.

द्राक्षाने चित्र पुन्हा बदलले. तास-ए-गणेश या वाणाच्या नावातच तासगाव आहे, आणि तालुक्याचे बेदाणे देशभर जातात. पण बाग वर्षानुवर्षे एका जागी उभी, वेलींच्या मुळांमुळे खोल नांगरता येत नाही. ठिबकचे पाणी, खत आणि मांडव पुरता भरेपर्यंतचे ऊन हरळीला आयते मिळते. साहजिकच शेतकरी तणनाशकाकडे वळला. ग्लायफोसेट पानांतून काशांपर्यंत उतरते, म्हणून ते कोळपणीपेक्षा परिणामकारक. मात्र वेलीच्या हिरव्या भागावर उडाले तर वेलही जाते. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला.

बांधावरची हरळी मात्र सहसा कोणी मुळासकट काढत नाही. ती माती धरून ठेवते आणि जनावरांना चारा होते.