खिडकीचा करारनामा

या मालेसाठी आम्ही हा विषय सुचवला, तेव्हा चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "तुम्ही कामगारांत वावरणारे. पायथन आणि एपीआय यांच्याशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, करारनामे वाचता वाचता आणि कज्जे चालवता चालवता झाले. पण त्याच कचेरीत एक लहानसा एपीआय बांधला गेला, आणि त्याने आम्हांला एकदा मान खाली घालायला लावली. त्यानंतर या वस्तूचा इतिहास आम्ही शोधून वाचला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

एपीआय म्हणजे काय? रेल्वेच्या आरक्षणाची खिडकी डोळ्यांपुढे आणा. गाडीचा क्रमांक, तारीख, नाव असा ठरलेला नमुना भरून आत द्यायचा आणि ठरलेल्या नमुन्यातले तिकीट बाहेर घ्यायचे. आत कोण बसले आहे, कपाटे कशी लावली आहेत, याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. एपीआय ही अशीच खिडकी होय. फरक इतकाच की तिच्या दोन्ही बाजूंना माणसाऐवजी प्रोग्रॅम असतो. माणूस चुकलेला अर्जही समजून घेतो; प्रोग्रॅम घेत नाही. म्हणून येथे करार अधिक काटेकोर लागतो.

ही खिडकी ज्या रस्त्यावर उघडते तो रस्ता, म्हणजे वेब, जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जन्मला. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये तेथे आपली योजना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचा प्रोग्रॅम सर्वांसाठी मोफत खुला केला. त्याच १९८९ सालच्या डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, अॅमस्टरडॅमच्या गणित व संगणन संस्थेत काम करणारे गिडो वान रॉसम यांनी एक नवी भाषा लिहावयास घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांच्या हाती आली. तिचे नाव पायथन. पण तिचा अजगराशी संबंध नाही; 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून ते घेतले आहे.

रस्ता झाला, भाषा झाली. आता बोलण्याची रीत हवी होती. २००० साली रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत सादर केलेल्या प्रबंधात ती नीट मांडली. प्रत्येक वस्तूला एक पत्ता असावा, आणि क्रियापदे मोजकीच, सर्वांना ठाऊक असलेली असावीत. 'गेट' म्हणजे दाखव, 'पोस्ट' म्हणजे नवे नोंदव, 'डिलीट' म्हणजे काढून टाक. उत्तराबरोबर एक आकडाही येतो : २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे अशी वस्तू येथे नाही, ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा.

पायथनवाल्यांच्या घरात मात्र त्या वेळी एकी नव्हती. एपीआय लिहिण्यासाठी पुष्कळ तयार चौकटी होत्या. पण एक चौकट निवडली की तिच्याशी जमणारे सर्व्हर तेवढेच वापरता येत. डिसेंबर २००३ मध्ये फिलिप एबी यांनी यावर एक मसुदा मांडला. सर्व्हरने चौकटीला हाक कशी मारावी आणि चौकटीने उत्तर कसे द्यावे, एवढेच त्यात ठरवले होते. डब्ल्यूएसजीआय या नावाने तो करार रूढ झाला. अनेक युनियनांनी आपापले झेंडे ठेवून एका समान मागणीपत्रावर सह्या कराव्यात, तसाच हा प्रकार.

त्याच सुमारास अमेरिकेतील कॅन्सस राज्यात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या गावच्या दैनिकात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन काम करीत होते. वर्तमानपत्राची घाई ती. सकाळी मागितलेले पान संध्याकाळी उभे हवे. त्या घाईतून जँगो ही चौकट घडली आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. जँगो म्हणजे सर्व सामानासह बांधलेला वाडा. पण ज्याला एकच खोली हवी त्याने काय करावे? १ एप्रिल २०१० रोजी ऑस्ट्रियातील आर्मिन रोनाखर यांनी एप्रिल फूल म्हणून एका फाईलीत मावणारी चौकट प्रसिद्ध केली. गंमत अशी की लोकांनी ती खरी मानून तिचे स्वागत केले! तेव्हा त्यांनी खरोखरीची लहान चौकट लिहिली; तीच फ्लास्क. तिचा पाया त्यांच्याच 'वेर्कत्सॉइग' या संचावर आहे. या जर्मन शब्दाचा अर्थ अवजार. अवजार ज्याच्या हाती त्याची सत्ता, हे कामगाराला निराळे सांगावे लागत नाही.

हेच अवजार आमच्या कचेरीत आले. कामगार न्यायालयात ज्यांच्या केसेस चालू असत, ते सभासद पुढची तारीख विचारण्यासाठी कचेरीत येत. त्यासाठी कामावर खाडा पडे आणि दिवसाची मजुरी जाई. एका सभासदाच्या मुलाने हे पाहिले आणि फ्लास्कमध्ये वीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. त्याची रचना आम्हांलाही कळली. आरंभी फ्लास्क आणून त्याच्यापासून एक अॅप तयार करायचे. मग अॅटच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या एका ओळीत खिडकीचा पत्ता लिहायचा आणि त्यात केसच्या क्रमांकासाठी जागा मोकळी ठेवायची. त्याखाली एक फंक्शन. ते क्रमांक घेऊन नोंदवहीत शोध करते आणि 'जेसन' या नमुन्यात, म्हणजे नाव व त्यापुढे मूल्य अशा जोड्यांत, उत्तर देते. केस सापडली तर २००, नाही तर ४०४. सभासदाचे नाव बाहेर जायचे नाही, आणि नोंद बदलण्याची खिडकी ओळख पटल्यावाचून उघडायची नाही, एवढ्या दोन अटी आम्ही घातल्या. दुसऱ्या एका कार्यकर्त्याने याच खिडकीतून तारखा घेऊन रोज संध्याकाळी सभासदांच्या मोबाईलवर निरोप धाडणारा प्रोग्रॅम लिहिला. खाडे थांबले. आम्ही खूष होतो.

काही महिन्यांनी मागील तारीखही दाखवावी असे ठरले. मुलाने उत्तरातील 'तारीख' या नावाच्या जागी 'मागील तारीख' आणि 'पुढील तारीख' अशी दोन नावे केली. आमच्या दृष्टीने सुधारणाच ती. पण निरोप धाडणारा प्रोग्रॅम 'तारीख' हे नाव शोधत राहिला. ते सापडेना, म्हणून तारीख लागलीच नाही असे समजून तो गप्प बसला. खिडकीतून मात्र २००, म्हणजे 'काम झाले', असेच उत्तर जात होते. कामावरून काढलेला आमचा एक सभासद त्यामुळे सुनावणीला पोचला नाही आणि त्याची केस गैरहजेरीत निकाली निघाली. अर्ज करून ती पुन्हा उभी करण्यात चार महिने गेले. घरात मिळवते दुसरे कोणी नव्हते. त्याने आम्हांला एकच प्रश्न विचारला : "मालकाने न सांगता पाळी बदलली तर तुम्ही गेटवर सभा घेता, मग तुम्ही काय केलेत?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. गिरण्यांच्या जुन्या काळात जॉबरच्या तोंडून निघेल तो नियम असे. १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. नोकरीच्या अटी मालकाने लिहून काढाव्यात, मंजूर करून घ्याव्यात आणि कामगारांना समजेल अशा भाषेत दाराजवळ लावाव्यात, असे त्याने ठरवले. १९५६ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन, अटी बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देणे मालकावर बंधनकारक झाले. हे सारे आम्हांला तोंडपाठ. आणि आमच्याच खिडकीवर अटी लावलेल्या नव्हत्या, बदलाची नोटीसही नव्हती.

संगणकाच्या जगाने हे दोन्ही उपाय आपल्या वाटेने शोधून काढलेले आहेत. पत्त्यातच 'व्ही-१' असे लिहितात. अट बदलायची तर शेजारी 'व्ही-२' उघडतात आणि मुदतीपर्यंत जुनी खिडकी चालू ठेवतात. अटींच्या फलकाची सोय कोलंबियाचे सेबास्टियान रामीरेझ यांच्या, डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या, फास्टएपीआय या चौकटीने केली. काय मागता येईल, ते अंक असावे की अक्षरे, हे प्रोग्रॅममध्ये लिहिले की त्यावरूनच वाचण्याजोगा फलक आपोआप तयार होतो, आणि त्याविरुद्ध आलेला अर्ज दारातच परत जातो. आम्ही आमची खिडकी त्या चौकटीत नव्याने बांधून घेतली.

पण नोटीस म्हणजे सर्व काही नव्हे. २०२३ साली रेडिट या कंपनीने आपल्या एपीआयवर मोठी आकारणी लावली. दर मे अखेरीस कळले; अंमल १ जुलैपासून. त्या खिडकीवर उभे असलेले अपोलो नावाचे अॅप ३० जूनला बंद पडले. तेथील विनावेतन व्यवस्था पाहणाऱ्या लोकांनी १२ जूनपासून हजारो मंडळे बंद ठेवली. तो संपच म्हणावयाचा. कंपनीने दर मागे घेतले नाहीत. महिन्याची मुदत होती. पण ज्याच्यापुढे गाऱ्हाणे न्यावे असा तिऱ्हाईत कोणी नव्हता. आपल्या २१ दिवसांचे मोल आकड्यात नाही. त्या दिवसांत तंटा समेट अधिकाऱ्यापुढे नेता येतो, यात ते आहे.

वेब मोफत मिळाले, पायथन मोफत मिळाली, चौकटीही मोफत मिळाल्या. वीस ओळींत खिडकी उघडणे आता आपल्या गावातल्या कोणत्याही वाचनालयाला, पतपेढीला, सहकारी सोसायटीला शक्य आहे. त्यांनी ती अवश्य उघडावी. मात्र खिडकी उघडणारा हा त्या क्षणापासून मालकाच्या बाजूला बसतो, हे आम्ही महागात शिकलो. हल्ली आमच्या कचेरीत एपीआयमधला एक शब्दही बदलायचा झाला, तर आधी नोटीस लागते, २१ दिवस वाट पाहिली जाते, आणि हरकत आली तर बैठक होते. त्या नोटिशीखाली पहिली सही, ज्याची तारीख चुकली होती, त्या सभासदाची असते.