घासलेट, लाईट आणि ‘तुला काय कळतंय?’

परळीहून मी तुमची गटाची ताई बोलतेय.

मागच्या महिन्यात एका गावात बैठक चालू होती. बचतीचे पैसे मोजून झाले, हप्ते लिहायला घेतले आणि खोलीत अंधार झाला. एक जण म्हणाली, “लाईट गेली.” दुसरी म्हणाली, “तुम्ही ह्या महिन्याची लाईट भरली का नाही?” तिसरीनं सांगितलं, “अगं, मोबाईलची लाईट लाव की.” एका मावशींनी वायरमनच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली, तशी कॉलेजला जाणारी त्यांची नात हसून म्हणाली, “आज्जे, लाईट घे!”

एका मिनिटात शब्द एकच आणि अर्थ चार. वीज, विजेचं बिल, दिवा आणि ‘मनावर घेऊ नको’. घरी येताना मी ह्या शब्दाचाच विचार करत होते. तो आपल्या घरात कधी आला, कसा आला, आणि आल्यावर बायकांच्या वाट्याला काय आलं, ते आज सांगते.

इंग्रजीत हा शब्द दिसायला एक असला तरी मुळात दोन आहेत. एक लाईट म्हणजे उजेड. दुसरा लाईट म्हणजे वजनानं हलका. दोन्ही फार जुने, वेगवेगळ्या मुळांतून आलेले, पण बोलता बोलता सारखे झाले. आपण ‘लाईट कलरची साडी’ म्हणतो तो उजेडातला, ‘लाईट नाष्टा’ म्हणतो तो हलका. गंमत म्हणजे बकऱ्याच्या फुफ्फुसालाही इंग्रजीत लाईट्स म्हणतात, कारण ते वजनाला हलकं असतं.

आपल्याकडे हा शब्द दोनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा तो आपण ओळखलाच नाही.

मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दगडी कोळशापासून काढलेला गॅस जमिनीखालच्या नळांतून यायचा आणि खांबावरच्या दिव्यात जळायचा. त्याला इंग्रज म्हणायचे गॅसलाईट. त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेतून, मग रशिया आणि ब्रह्मदेशातून, डब्यांत भरलेलं दिव्याचं नवीन तेल यायला लागलं. ते गॅस नव्हतं. पण उजेडाशी जोडलेलं नाव लोकांच्या तोंडात बसलं होतं, ते ह्या तेलाला चिकटलं. गॅसलाईटचं झालं घासलेट! आपण दुसरा शब्द वापरतो, रॉकेल, तोही इंग्रजीच. रॉक ऑईल, म्हणजे खडकातलं तेल. म्हणजे जी आजी “मला मेलीला इंग्रजी कुठं येतं” म्हणायची, ती रोज दिवेलागणीला दोन इंग्रजी शब्द बोलत होती.

घासलेट आलं आणि उजेडाची कामं वाढली. ती कामं कुणी केली, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी कंदिलाची काच राखेनं पुसायची, वात कापायची, चिमणीत तेल घालायचं. रेशनच्या दुकानापुढं कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं. पुढं स्टोव्ह आला, पिन मारायची, पंप मारायचा. घासलेटचा वास आपल्या आया-आज्यांच्या पदराला कायमचा लागला.

ह्याच घासलेटची एक काळी बाजूही आहे. ती वगळून हा इतिहास सांगणं खोटेपणाचं होईल. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य आपण लहानपणी ऐकलेलं आहे. कितीतरी घरांत भडका सुनेच्याच अंगावर उडायचा, सासूच्या किंवा नवऱ्याच्या नाही. हा अपघात म्हणून लिहिला जायचा. १९८०च्या आसपास देशभर बायका ह्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, मोर्चे निघाले. १९८३ साली कायद्यात ४९८ अ हे कलम आलं. नवऱ्यानं आणि सासरच्यांनी केलेला छळ हा गुन्हा ठरला. त्यात शरीराच्या छळाबरोबर मनाचा छळही धरला.

आता मनाच्या छळाचं आणि घासलेटचं आणखी एक नातं सांगते. ते कळलं तेव्हा मी दोन मिनिटं गप्पच बसले होते.

लंडनमध्ये १९३८ साली एक नाटक आलं, ‘गॅस लाईट’. लिहिणाऱ्याचं नाव पॅट्रिक हॅमिल्टन. पुढं १९४४ साली अमेरिकेत त्यावर सिनेमा निघाला, तो खूप गाजला. नाटकातला काळ गॅसच्या दिव्यांचा. एका घरात नवरा-बायको राहतात. नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि बायकोला म्हणतो, तूच हरवल्यास, तुझं डोकं ठिकाणावर नाही. रोज संध्याकाळी तो बाहेर जातो असं सांगतो, पण गुपचूप वरच्या मजल्यावर जातो. तिथं पूर्वी एका बाईचा खून झालेला असतो, तिचे दागिने तो शोधत असतो. त्यासाठी तो वरचा दिवा लावतो. नळातला गॅस तिकडं वाटला गेला की खाली बायकोच्या खोलीतला दिवा बारीक होतो. ती ते बघते. पण तिला इतक्या वेळा ‘तुला भास होतात’ असं ऐकवलेलं असतं, की स्वतःच्या डोळ्यांवर तिचा भरवसा उरत नाही. शेवटी एक पोलीस अधिकारी येतो. त्यालाही दिवा बारीक झालेला दिसतो. तेव्हा तिला कळतं, आपण वेड्या नाही.

ह्या नाटक-सिनेमावरून इंग्रजीत एक नवा शब्द झाला, गॅसलाईटिंग. माणसाला सारखं ‘तुझंच चुकतंय, तुला आठवत नाही, तुला काय कळतंय’ म्हणून त्याच्याच मनावरचा त्याचा विश्वास काढून घेणं, हा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशानं २०२२ सालचा शब्द म्हणून हाच निवडला होता.

बघा, शब्द तोच. आपल्याकडं त्याचं तेल झालं, तिकडं त्याचा छळ झाला.

दुसऱ्यांदा हा शब्द आला तो विजेबरोबर, आणि त्या वेळी उघड आला, लाईट म्हणूनच. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये १८८२ साली विजेचे दिवे लागले होते. आपल्या भागाला मात्र फार वाट बघावी लागली. परळीचं थर्मल १९७१ साली सुरू झालं, तेव्हा ३० मेगावॅटचे दोन संच होते. नंतर २१० आणि २५० मेगावॅटचे मोठे संच आले. वैजनाथाचं गाव धुराड्यांचंही गाव झालं.

वीज हा शब्द आपल्याकडे होताच, पण तो आभाळातल्या विजेचा. ती पडते, माणसं-जनावरं मारते. तारेतली वीज घरात आली तेव्हा तिला बोलण्यात वेगळं नाव दिलं, लाईट. आणि वीज जशी ‘ती’, तशी लाईटही आपण ‘ती’च केली. कागदावर मात्र वीजच राहिली. बिलावर ‘वीज देयक’, आपल्या तोंडात ‘लाईट बिल’. कागदावरची भाषा वेगळी आणि घरातली वेगळी, म्हणून कितीतरी बायका बिल हातात घेऊन घरातल्या पुरुषाकडं बघतात.

अजून एक गोष्ट लक्षात घ्या. दिवा आपण ‘लावतो’. लाईट ‘येते’ आणि ‘जाते’. दिव्याचं तेल-वात आपल्या हातात होतं, लाईटची कळ कुठं दूर असते. २०१३च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून आपलं थर्मलच बंद ठेवावं लागलं होतं. परळीच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत होत्या आणि थर्मलही पाण्याचीच वाट बघत होतं. कोळसा जाळून पाण्याची वाफ होते, वाफेनं चाक फिरतं, तेव्हा कुठं लाईट तयार होते, हे त्या वर्षी पुष्कळांना कळलं.

पण सगळंच दूर नाही. काही गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर असतात आणि तरी ‘तुला काय कळतंय’ म्हणून आपण त्या सोडून देतो.

आमच्या एका गटातल्या मावशींची गोष्ट सांगते. त्यांनी लाईट बिलासाठी गटातून सहाशे रुपये उचलले. दोन महिन्यांनी वायरमन कनेक्शन तोडायला दारात आला. मुलगा म्हणाला, “तू मला पैसे दिलेच नाहीस. वय झालं, इसरतीस तू.” त्यानं इतकं ठासून सांगितलं की मावशींनाही वाटायला लागलं, आपणच कुठं ठेवले असतील. धान्याच्या कोठ्या, गोधड्यांच्या घड्या, सगळं शोधून झालं. रात्र रात्र झोप नाही. पुढच्या बैठकीला आल्या त्या रडतच.

सचिवताईंनी नोंदवही उघडली. त्या दिवसापुढं लिहिलं होतं: सहाशे रुपये, कारण लाईट बिल, मुलाच्या हाती दिले. मुलगा त्या दिवशी दारातच उभा होता, आणि दोघीतिघींनी ते बघितलं होतं. मावशी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे मी येडी न्हवते तर.”

पैशाचं पुढं काय झालं ते त्यांच्या घरातलं आहे. पण आता त्या बिल भरायला स्वतः जातात आणि पावती गटाच्या पिशवीत ठेवतात.

त्या नाटकातल्या बाईला दिवा बारीक झालेला बघणारं दुसरं कुणी भेटलं, म्हणून ती वाचली. आपल्याकडे शेजारची मोटार सुरू झाली की आपला बल्ब बारीक होतो. ते आपल्याला दिसतं आणि त्याचं कारणही आपल्याला माहीत असतं. तसंच घरातलंही बरंच दिसत असतं. ते दुसऱ्या बाईला सांगायला आणि लिहून ठेवायला जागा हवी, ती जागा गट आहे.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीसोबत शब्दांनी आणि मनाला दिलेला त्रास, पैशाची अडवणूक, हेही धरलेलं आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. १८१ हा महिलांच्या मदतीचा नंबर पाठ करून ठेवा.

आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं लाईट बिल घेऊन यायचं. त्यावर नाव कुणाचं आहे ते बघू. वारलेल्या सासऱ्याचं असलं तर ते बदलून घेता येतं. युनिट कसं मोजतात तेही शिकू. हजार वॅटचं काही एक तास चाललं की एक युनिट. म्हणजे जुना साठ वॅटचा बल्ब सोळा तास चाळीस मिनिटांत एक युनिट खातो आणि दहा वॅटचा एलईडी त्याच एका युनिटात शंभर तास चालतो. हा हिशोब दुसरी-तिसरी शिकलेलीलाही येतो.

मग कुणी म्हणालं, ‘तुला काय कळतंय?’ तर बिल पुढं करून सांगा, हे हे कळतंय.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.