वेळासचीं कासवें आणि पाहुणे

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदीं उत्तर टोकाला, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीनें जेथें समुद्रास मिळते त्याच्या दक्षिणेस, मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचा एक लहानसा गांव आहे. मराठ्यांच्या इतिहासांत तो नाना फडणीसांचा गांव म्हणून ओळखला जातो. नानांचा जन्म १७४२ सालीं सातारा येथें झाला, पण भानूंचें मूळ घर वेळासचें. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळें श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांनीं देशाची वाट धरली, तेव्हां वेळासचे भानु बंधु त्यांच्यासमवेत घाट चढून गेले, हें श्रोत्यांनीं शाळेंत वाचलेलेंच आहे. साडेतीन शहाण्यांतील अर्धा शहाणा या गांवचा, एवढें सांगून आम्ही मास्तर मंडळी पुढच्या धड्याकडे वळत असूं. आज मात्र वेळासचें नांव घेतलें कीं शहरांतल्या माणसास नाना आठवत नाहींत. त्यास कासव आठवतें. हा पालट कसा घडला तें सांगावयाचें आहे. सहलीस जाणारा मनुष्य आणि वन्य प्राणी यांनीं एकाच किनाऱ्यावर कसें नांदावें, या आजच्या अवघड प्रश्नाचें एक उत्तर त्यांत आहे. तें अपुरें असेल, पण घडलेलें आहे.

आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या या समुद्रकासवास ऑलिव्ह रिडले असें इंग्रजी नांव आहे. लांबी सुमारें दोन फूट, वजन चाळीस किलोंच्या घरांत. जन्मभर तें पाण्यांत राहतें. फक्त मादी, तीहि अंडीं घालण्यापुरती, रात्रीं वाळूवर येते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हा काळ. भरतीच्या रेषेच्या वर ती मागच्या पायांनीं दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यांत शंभर-सवाशें अंडीं घालते, वर वाळू लोटून अंगाच्या भारानें ती चोपते आणि निघून जाते. त्यानंतर तिचा व अंड्यांचा संबंध नाहीं. पुढचें काम वाळूची ऊब करते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनीं पिल्लें वर येतात आणि क्षितिजावरच्या उजेडाच्या रोखानें समुद्राकडे धांवतात. किनाऱ्यामागें दिवे लागलेले असले तर तीं दिव्यांकडे जातात व मरतात. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती कामास येईल.

कोंकणांत देवळाच्या सभामंडपांत, देवासमोर, दगडी कासव असतें. त्यास नमस्कार केल्यावांचून आपण पुढें जात नाहीं. कूर्मावताराची कथा पोरांनाहि पाठ असते. पण त्याच कोंकणच्या वाळूंत पहांटे कासवाचा माग काढून अंडीं खणून नेणें, खाणें आणि विकणें हेंहि पिढ्यान् पिढ्या चाललें होतें. उरलेलीं अंडीं कोल्हे व कुत्रीं उकरीत. यांत कोणास पाप वाटलें नाहीं, आणि ज्याच्या घरीं दोन वेळची भ्रांत त्यास दोष देण्याचें धाडस मलाहि होत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत हें कासव पुढें वाघाच्या पंक्तीस, पहिल्या अनुसूचींत, जाऊन बसलें. परंतु कायद्याचा कागद वेळासच्या वाळूपर्यंत कित्येक वर्षें पोंचला नाहीं.

तो पोंचविला चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें. २००२ सालीं या संस्थेचे श्री. भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचीं घरटीं मोजीत किनाऱ्यानें हिंडत होते. वेळासच्या वाळूवर त्यांस कासवाच्या अंड्यांचीं टरफलें पडलेलीं दिसलीं. शोध गरुडाचा, आणि हातीं लागलें कासव! त्यांनीं गांवकऱ्यांशीं बोलणीं केलीं व गांवांतीलच माणसें राखणीस नेमलीं. माग कसा ओळखावा हें कोंकणच्या माणसास निराळें शिकवावें लागत नाहीं. पहांटे किनारा पायीं तपासावा, घरटें सांपडलें कीं अंडीं हलक्या हातानें काढून कुंपणाच्या आंत तेवढ्याच खोल खड्ड्यांत पुन्हां पुरावीं, असा क्रम ठरला. अंडें हलवितांना उलटेंपालटें होतां कामा नये, नाहींतर आंतला जीव दगावतो. पहिल्याच हंगामांत पन्नासच्या आसपास घरटीं राखलीं गेलीं व २,७०० वर पिल्लें समुद्रास मिळालीं.

येथवर ही एका चांगल्या संस्थेची हकीकत झाली. अशा हकीकती पुष्कळ असतात व वर्गणी संपली कीं त्याहि संपतात. वेळासची गोष्ट वेगळी झाली ती २००६ सालीं, जेव्हां तेथें कासव महोत्सव सुरू झाला. आमच्याकडे महोत्सव म्हटला कीं आधीं कर्णे येतात, मग पुढारी येतात. येथें दोन्हींची गरज नव्हती. सकाळीं व संध्याकाळीं घरट्यांवरच्या टोपल्या उचलून पाहतात. पिल्लें वर आलीं असलीं तर तीं पाण्यापासून कांहीं अंतरावर वाळूवरच सोडतात. समुद्रापर्यंतची वाट त्यांनीं आपल्या पायांनीं चालावयाची. पाहुण्यांनीं दोराच्या मागें उभें राहावयाचें. हात लावावयाचा नाहीं, प्रकाशझोत टाकावयाचा नाहीं. वस्तीस गांवकऱ्यांचीं घरें. पडवींत निजावें आणि घरच्या बाईनें रांधलेलें जेवावें. अंडीं एकदांच विकतां येत. राखलेलें घरटें मात्र दर हंगामास घरांत चार पैसे आणूं लागलें.

यांतील क्रम महत्त्वाचा आहे. वेळासला रक्षण आधीं आलें, करमणूक चार वर्षें मागाहून; त्यामुळें पाहुण्यांस नियम आयते मिळाले. गोव्यांत मोरजीच्या किनाऱ्यावर वनखातें पुष्कळ आधींपासून घरटीं राखीत आलें आहे. पण तेथें त्याच सुमारास पर्यटनाचा लोंढा आला. वाळूवर शॅक म्हणतात तीं उपाहारगृहें उभीं राहिलीं, रात्रीं दिवे आणि गाणीं सुरू झालीं, आणि कासवांसाठीं किनाऱ्याचा एक तुकडा राखून ठेवण्याची पाळी आली. कासवास तुकड्याच्या सीमा दिसत नाहींत, आणि दिवा सीमेपलीकडूनहि दिसतो. वेळासच्या लोकांचें हें सारें शहाणपणच होतें असें मात्र मी म्हणणार नाहीं. गांव आडवळणाचा, रस्ता वळणांचा आणि अरुंद. मोठा व्यापार तेथवर येण्यापूर्वीं त्यांस सवड मिळाली.

पुढें हें काम गांवकरी, वनखातें व कांदळवन प्रतिष्ठान यांच्याकडे आलें आणि आंजर्लें, गुहागर अशा दुसऱ्या किनाऱ्यांवरहि तें चालतें. जानेवारी २०२२ मध्यें वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं संबंध ठेवणारें यंत्र बसविलें. तिचें नांव ‘प्रथमा’. याहून नवल पुढें घडलें. ओडिशांत गहिरमाथा येथें २०२१ सालीं धातूचा बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारींत गुहागरच्या वाळूवर अंडीं घालतांना सांपडली. तोंवर पूर्व व पश्चिम किनाऱ्यांचीं कासवें वेगळीं असावींत असा पुष्कळांचा समज होता.

जी सिंहलद्वीपाला वळसा घालून सुमारें साडेतीन हजार किलोमीटर येते, तिचें इकडे स्वागत कसें होतें? दापोली तालुक्यांत कित्येक किनाऱ्यांवर पाहुणे मोटारी सरळ वाळूवर घालतात. चाकांनीं वाळू दडपते, घरटें असल्यास तें चिरडतें, आणि चाकोऱ्यांत पडलेलें दोन इंचांचें पिल्लूं वर चढूं शकत नाहीं. हें करणारे बहुधा आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतले असतात. वाळूंत रुतलेली मोटार भरतीच्या आधीं ओढून काढण्यास मग गांवचींच माणसें धांवतात.

वेळासला आतां अडचण आहे ती तारखेची. शनिवारीं पिल्लें नक्की दिसतील ना, असें मुंबई-पुण्याहून विचारतात. अंडीं पुरल्याच्या दिवसावरून अंदाज सांगतां येतो, परंतु थंडी लांबली कीं वाळू गार राहते व पिल्लें उशिरां येतात. एवढ्या लांबून येऊन टोपलीखालीं वाळूच पाहावी लागली म्हणजे कांहीं जण रागावतातहि. यजमान मग त्यांस महालक्ष्मीचें देऊळ दाखवितात, किंवा बाणकोटच्या किल्ल्याची वाट सांगतात. १७५५ सालीं तो आंग्र्यांच्या हातून गेला आणि पुढें इंग्रजांनीं त्याचें नांव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलें. पाहुणे तेथून परततात तोंवर संध्याकाळ झालेली असते, आणि टोपल्या पुन्हां एकदां उचलावयाच्या असतात.