सोनेरी शरद : लेव्हितानचे तैलचित्र

इसाक लेव्हितान (१८६०–१९००) या रशियन चित्रकाराचे १८९५ मधील निसर्गचित्र. कॅनव्हासवर तैलरंग, आकार ८२ × १२६ सेंमी. सध्या मॉस्को येथील त्रेत्याकोव्ह कलादालनात.

रशियन नावाचा अर्थ ‘सोनेरी शरद’ असा होतो. पण मराठी वाचकाच्या मनातील शरदाशी त्याचा मेळ बसत नाही. आपल्याकडे शरद म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचे निरभ्र आकाश, कोजागरीचे चांदणे, कापणीला आलेले भात. पानगळ होते ती शिशिरात. रशियात मात्र याच दिवसांत पाने पिवळी पडून गळतात आणि काही आठवड्यांतच बर्फ पडू लागते. चित्रातील सोने असे अल्पायुषी आहे.

डावीकडे बर्च वृक्षांची राई आहे. हे वृक्ष आपल्या हिमालयातील भूर्जाच्याच कुळातले; खोडे पांढरी, पाने पिवळीधमक. उजवीकडून अरुंद नदी वळण घेत जाते. पलीकडच्या उतारावर तांबूस झुडपे, त्यामागे हिरवी शेते आणि दूरवर काही घरे. माणूस कोठेच नाही. ती हिरवळ सहज नजरेतून निसटते, परंतु पानगळीच्या दिवसांतील हा हिरवा रंग हिवाळी पेरणीचा आहे. हे पीक बर्फाखाली तग धरते.

पान न् पान रेखाटण्याच्या फंदात लेव्हितान पडत नाही. पर्णसंभारासाठी तो रंगाचे जाड फटकारे मारतो. जवळून पाहिल्यास ते केवळ रंगाचे डाग वाटतात, चार पावले मागे सरताच त्यांची पाने होतात. खरा आधार मात्र नदीच्या गडद निळ्या पाण्याचा आहे. ते झाकून पाहावे, पिवळ्याची झळाळी निम्मी होते.

हे चित्र त्वेर प्रांतातील गोर्का या वाडीच्या परिसरातले मानले जाते. ज्यू असल्यामुळे १८९२ मध्ये लेव्हितानला काही काळ मॉस्को सोडावे लागले होते. १८९५ च्या उन्हाळ्यात गोर्का येथेच त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्याचा मित्र, लेखक आंतोन चेखव्ह, त्याला भेटण्यास तेथे गेला. त्यानंतरच्या या उजळ चित्रात चित्रकाराच्या सावरण्याची खूण शोधण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. गोर्का येथेच, त्या उन्हाळ्यापूर्वी, रंगविलेले ‘मार्च’ हे चित्र वितळत्या बर्फावरील उन्हाचे असून तेही तितकेच प्रसन्न आहे. म्हणजे हा उजेड त्याच्या रंगपेटीत आधीच आला होता. ‘मार्च’ही त्रेत्याकोव्ह कलादालनातच आहे.

‘सोनेरी शरद’ हे चित्र पावेल त्रेत्याकोव्ह यांनी १८९६ मध्ये विकत घेतले. लेव्हितानचे त्यांनी घेतलेले पहिले चित्रही पानगळीचेच : १८७९ मधील ‘शरदातील दिवस. सोकोल्निकी’. त्यातील काळ्या वेषातील एकाकी स्त्री चेखव्हचा भाऊ निकोलाय याने रंगविली होती.