दिसले म्हणजे टळले?

३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या आकाशात दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील मिळून सर्व १२८ माणसे मृत्युमुखी पडली. त्या भागात नियंत्रकांची देखरेख नव्हती. नियम एकच होता : डोळे उघडे ठेवा, दुसरे विमान दिसले की बाजूला व्हा. या अपघातानंतर रडारचे जाळे वाढले, १९५८ मध्ये हवाई वाहतुकीसाठी नवी केंद्रीय संस्था स्थापण्याचा कायदा झाला आणि उंचावरच्या मार्गांवर ‘पाहा आणि टाळा’ हा नियम हळूहळू मागे पडला. विमानतळाजवळ मात्र तो टिकला.

तो का टिकला, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर नीट कळते. तेथील दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांत अंतर आहे अवघे ७५० फूट, म्हणजे सुमारे २३० मीटर. (मुंबईत हा प्रश्नच येत नाही, कारण तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात.) ढगातून उपकरणांच्या आधारे उतरताना एवढ्या जवळून दोन विमाने शेजारी शेजारी आणता येत नाहीत. पण आकाश स्वच्छ असेल आणि मागच्या वैमानिकाने ‘शेजारचे विमान मला दिसते आहे’ असे कळवले, की ते विमान टाळण्याची जबाबदारी त्याच्याकडे जाते. नजरेने उतरण्याच्या या पद्धतीला व्हिज्युअल अ‍ॅप्रोच म्हणतात. तिच्यामुळे दशकानुदशके तेथे विमाने जोडीने उतरत आली. सकाळी समुद्रावरून ढगांचा थर आला की तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या जवळजवळ निम्म्यावर येई. म्हणजे विमानतळाची अर्धी क्षमता वैमानिकांच्या डोळ्यांवर उभी होती.

हे डोळे किती भरवशाचे? वर्गाबाहेर एक प्रयोग करून पाहा. मैदानाच्या एका कोपऱ्याला मिळणाऱ्या दोन कडांवर, कोपऱ्यापासून सारख्याच अंतरावर दोन विद्यार्थी उभे करा. दोघांनी सारख्या वेगाने कोपऱ्याकडे चालत यावे आणि एकाने दुसऱ्याकडे हात रोखून धरावा. शेवटपर्यंत हात वळवावा लागत नाही. जे टक्कर देणार आहे, ते दृष्टीच्या एकाच दिशेला खिळल्यासारखे राहते. खलाशांना ही खूण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपले डोळे हालचाल चटकन टिपतात. स्थिर ठिपका काचेवरच्या डागासारखा निसटून जातो.

समांतर धावपट्ट्यांवर आणखी एक पंचाईत आहे. शेजारून बरोबर येणारे विमानही खिडकीत एकाच जागी स्थिर दिसते आणि अंगावर येणारेही. फरक असतो तो केवळ आकार वाढण्यात. समजा, अंतर १००० मीटर आहे आणि ते सेकंदाला ५० मीटरने घटते आहे. आकार दुप्पट दिसायला पहिल्यांदा १० सेकंद लागतात, नंतर ५, मग अडीच. धोका उघड होतो तेव्हा वेळ संपत आलेली असते.

२५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगो येथे उतरू पाहणाऱ्या पीएसए कंपनीच्या बोईंग ७२७ ला पुढच्या छोट्या सेस्ना विमानाची सूचना मिळाली होती. ‘दिसले’ असे उत्तरही गेले. पुढे ते नजरेतून निसटले, पण तसे नियंत्रकाला स्पष्टपणे कळवले गेले नाही. १४४ जणांचा बळी गेला, त्यांत जमिनीवरचे ७ होते. चौकशीत दोष वैमानिकांवर ठेवला गेला. निष्कर्ष चुकीचा नव्हता. मला तो अपुरा वाटतो. एकदा ‘दिसले’ म्हटल्यावर पुढची सर्व मिनिटे दिसतच राहील, हे गृहीत धरणाऱ्या नियमाचे काय?

यंत्राची मदत घेण्याची कल्पना जुनी आहे. दोन विमानांमधले अंतर भागिले ते घटण्याचा वेग, म्हणजे टकरीला उरलेला वेळ, हे सूत्र जे. एस. मॉरेल यांनी १९५० च्या दशकात मांडले. त्यावर आधारलेली टीकॅस ही यंत्रणा अमेरिकेत १९९३ अखेर ३० हून अधिक आसनांच्या विमानांना सक्तीची झाली. १९९६ मध्ये चरखी दादरी येथील टकरीत ३४९ जण गेल्यावर भारतानेही ती अनिवार्य केली. तिने असंख्य जीव वाचवले असतील, पण शेजारी शेजारी उतरणाऱ्या विमानांपुढे ती गोंधळते. ठरवून जवळ आलेले आणि चुकून जवळ आलेले यांतला भेद तिला कळत नाही. शिवाय जमिनीपासून सुमारे १००० फुटांखाली ‘वर जा’, ‘खाली जा’ हे तिचे आदेश बंद केलेले असतात.

सर्वांत नाजूक क्षण वळणाचा. १२ मे २०२१ रोजी डेन्व्हरजवळील सेंटेनियल विमानतळाकडे येणारे एक छोटे सिरस विमान आपल्या धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेले आणि शेजारच्या समांतर धावपट्टीवर उतरणाऱ्या मालवाहू मेट्रोलायनरला धडकले. सिरस हवाई छत्रीने खाली आले, मेट्रोलायनर फाटलेल्या अंगाने उतरले; आश्चर्य म्हणजे कोणालाही इजा झाली नाही. सिरसचा वेग शिफारशीपेक्षा जास्त होता. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विमान ३० अंश कलवून सेकंदाला ४० मीटर वेगाने वळवले तर त्रिज्या सुमारे २८० मीटर येते. वेग ६० केला, तर सुमारे ६४० मीटर. काटकोनातले वळण त्याच जागी सुरू केले तर विमान ३६० मीटर पलीकडे जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या धावपट्ट्यांमधले २३० मीटर या हिशेबात कधीच ओलांडले जातात. मेट्रोलायनरच्या वैमानिकाला सिरसविषयी सूचनाही मिळाली नव्हती.

२९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये उतरणारे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण ठार झाले. विमान दिसत असल्याचे हेलिकॉप्टरमधून दोनदा सांगण्यात आले होते. विमानातील टीकॅसने जवळच्या वाहतुकीचा इशारा दिला. पण विमान इतके खाली आलेले होते, की पुढचा आदेश देण्याची तिला मुभाच नव्हती.